पापाकुऱ्याचा हेड कोच मारोती

मारोतीला मी तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान निम्मी त्याच्यावर जळण्यात गेली. आमचं गाव आटपाडीकडचं. कबड्डीच्या संघात मी कप्तान, तो डावा कोपरा. कोपऱ्यानं चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि गप पडून राहायचं. बोलायचो मी, चषक उचलायचो मी, फोटोत मधी मी.

मग पुण्यात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली. डोक्याला हेल्मेट, खांद्यावर गाद्या, लांबुळका चेंडू. खेळ कुणालाच येत नव्हता, म्हणून त्यांनी कुस्तीतले न् कबड्डीतले गडी पारखायला बोलावले. आम्ही दोघं एकाच एस्टीनं गेलो. तो पगारी खेळाडू झाला, मी परत आलो.

लीग बंद पडली तोवर मी वेल्डिंगच्या कामावर न्यूझीलंडला येऊन पापाकुऱ्यात बिऱ्हाड मांडलं होतं. जगात एक तरी जागा अशी होती जिथं मारोती नव्हता. ती चार वर्षं टिकली. मग त्याची बायको संघमित्रा इथं इंजिनिअर म्हणून लागली आणि तिच्या व्हिसावर हा गडी उतरला. विमानतळावर आणायला मलाच जावं लागलं.

पापाकुऱ्यात अमेरिकन फुटबॉलचा एक बारका क्लब आहे. मी त्यात पहिल्यापासून. मैदानावर पट्टे मारले, घामट गाद्या धुतल्या, मग डिफेन्सचा कोच झालो. मारोतीला तिथं नेलं तेही मीच. दोन हंगाम खेळला, गुडघा गेला, ऑफेन्सचा कोच झाला. माझा पोरगा नील संघात आहे. त्याचं ऐकून सामोअन, माओरी सगळी पोरं मारोतीला 'काका' म्हणायला लागली. मला ती नुसतं 'राज' म्हणतात.

यंदा जुने हेड कोच ऑस्ट्रेलियाला गेले. आमच्यात हेड कोच कोण ते खेळाडूच ठरवतात, हात वर करून. उभे आम्ही दोघंच. आता खोटं कशाला बोलू, जॅकेटावर 'हेड कोच' शिवून देणारं दुकानसुद्धा मी बघून ठेवलं होतं.

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी सरावात नीलनं घोळ घातला. चेंडू घेऊन पळणारा गडी त्याच्या मिठीत गावला होता, पण मैदानावरच्या आडव्या रेषेवर पोचताच नीलनं सोडून दिला. त्याला घरामागं कबड्डी मी शिकवलेली. कबड्डीत चढाईवाला मधल्या रेषेला टेकला की खेळ संपला, हात काढून घ्यायचा. इथं शिट्टी होईस्तोवर सोडायचं नसतं. पोरं हसली, नीलचं तोंड एवढंसं झालं.

मी काही बोलायच्या आत मारोतीनं सगळ्यांना खाली बसवलं आणि पुण्याच्या चाचणीची गोष्ट सांगितली. कसा त्यानं रेषा आली म्हणून धरलेला गडी सोडला, कसा ऐटीत हात झटकत पंचाकडं बघत राहिला, आणि तो गडी मागं पार टोकापर्यंत कसा पळत गेला. पोरं गवतात लोळली. नील सगळ्यांत जास्त हसला.

मी हसलो नाही. तो गडी मारोतीनं नव्हे, मी सोडला होता. त्यापायी मी परत आलो, आणि घरात सांगितलं, की त्यांना नुसते आडदांड गडी पाहिजे होते.

गाडीपाशी त्याला गाठलं. विचारलं, कुणाची गोष्ट कुणाच्या नावावर सांगतोस.

"तुझं नाव कशाला घ्यू पोरांफुडं?" तो म्हणाला. "तुझा मान ऱ्हायला पायजे, राजा."

म्हणजे उपकार. चूक माझी, आणि तिच्यावर पोरांची माया गोळा करणार हा.

गुरुवारी क्लबघरात मतदान. मारोती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालूनच आला. अध्यक्षीणबाईंनी दोघांना बोलायला सांगितलं. मी नियम, व्यायाम, वेळापत्रक सगळं नीट मांडलं, आणि बसता बसता राहवलं नाही. म्हटलं, पुण्याची ती चूक माझी होती. काकांची नाही.

मागचा एक धिप्पाड गडी म्हणाला, "गुड ऑन या, राज. काकाला सांभाळून घेतोयस." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मारोती खाली बघत होता. एकटा नील टाळ्या वाजवत नव्हता.

मारोतीला एकोणीस हात, मला सहा. एकोणिसात नील होता.

परतताना नील माझ्याच गाडीत होता. घर आल्यावर म्हणाला, "यू कुड हॅव टोल्ड मी ऑन ट्यूसडे, बाबा." आणि बॅग उचलून आत गेला.

डिफेन्स मारोतीनं माझ्याकडंच ठेवला. मी सोडणार होतो. राजीनाम्याचा मेसेजही लिहिला होता. पण माझ्या जागी मारोती दुसरा कुणी आणणार, आणि तो माझ्यापेक्षा बरा निघाला तर, हे काही सोसवेना. मेसेज पुसला. दर मंगळवारी सहाला जातो, आणि काका सांगेल तो डाव पोरांकडून घोटून घेतो.