टेकडीच्या सपाट बाजूची खोली

परदेशात नातेवाईक असेल तर हॉटेलात राहायचं नसतं. हा नियम आमच्या घरात कुणी केला ते मला माहीत नाही. तो मोडल्यावर किती जणांना लागतो, ते मात्र आता नीट कळलं आहे.

आईला घेऊन लंडनला जायचं मी ठरवलं होतं. आई पंच्याहत्तरीच्या पुढची. एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायला तिची तयारी नाही. घाटकोपरच्या एका मराठी शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. फळ्यावर मोठा गोल काढायचा, मधोमध उभी रेघ मारायची आणि म्हणायचं, "ही ग्रीनिचची. इथून शून्य." ती रेघ तिने शेकडो मुलांना दाखवली, स्वतः कधी पाहिली नाही. लंडनमधलं दुसरं काहीच तिला नको होतं. राजवाडा नको, मोठं घड्याळ नको. त्या रेघेवर उभं राहायचं होतं, आणि तेही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

मी कामाला लागले. मी याद्या करते म्हणून घरातले हसतात आणि गॅस सिलिंडर कधी लावला ते मलाच विचारतात. पहिलीच गोष्ट लक्षात आली ती ही, की ग्रीनिचची वेधशाळा टेकडीवर आहे. स्टेशन आणि नदी खाली. खालून वर जाणारी वाट चांगलीच चढाची. पण टेकडीच्या मागच्या अंगाला मोठं माळरान आहे, आणि त्या बाजूच्या फाटकातून वेधशाळेपर्यंत झाडांमधून सपाट रस्ता जातो. बस फाटकाजवळ थांबते. म्हणजे राहायचं ते माळाच्या बाजूला, हे ठरलं. मग जागा शोधली.

फोनवर त्या रस्त्याचे फोटो पुढे सरकवत मी कितीतरी फेऱ्या मारल्या. पदपथ कुठे उंच, बाक कुठे. शेवटी एक लहानसं गेस्ट हाऊस मिळालं. तळमजल्यावर खोली, खोलीलाच बाथरूम, भिंतीला धरायला दांडा. दाराची पायरी किती उंच आहे असं मालकिणीला विचारलं, तर तिने पायरीला पट्टी लावून फोटो पाठवला. ही बाई मला तिथल्या तिथे आवडली. विमान थेट निवडलं, मधे उतरून बदलायचं नाही. दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर सांगून ठेवली. तिथल्या लांबलचक रांगांपुरती खुर्ची आईने कबूल केली. तिथून गेस्ट हाऊसच्या दारापर्यंत गाडी. नंतर सगळीकडे बस. भुयारी रेल्वेच्या जुन्या स्टेशनांत जिने फार, लिफ्ट सगळीकडे नाही.

एवढं झाल्यावर मामा आला. आईचा धाकटा आणि एकुलता भाऊ. तो बोरिवलीला राहतो, आम्ही मुलुंडला, आणि लिंक रोडला किती वेळ अडकलो हे तो चपला काढायच्या आधी सांगतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, लंडनच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

"हॉटेल?" मामा म्हणाला. "माझा मुलगा तिथे बसलाय आणि माझी बहीण हॉटेलात? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"सगळे. आणि त्याचं पत्र लाव ना, व्हिसा सोपा होईल."

"बुकिंगवरही होतो. मामा, त्याच्या घरात संडास वरच्या मजल्यावर आहे. तूच सांगितलं होतंस."

"मग काय झालं? हळूहळू चढेल. आपली माणसं आहेत, हात देतील."

"दिवसभर ऑफिसात असतात ती. कुणाचा हात?"

"तू ना, फार शहाणी आहेस," असं म्हणून तो आईकडे वळला. आई खाली बघत होती.

आईचा आजवरचा प्रवास म्हणजे कुणाचं तरी घर. नाशिकला गेली ती चुलत्यांकडे, नागपूरला नणंदेकडे, आणि सगळीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची अंथरुणं आवरून स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला ती अमेरिकेत सहा महिने राहून आली. काय पाहिलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तिकडे वॉशिंग मशीन तळघरात असतं." बहिणीला दोष नाही, तिला तेव्हा गरजच होती. पण या वेळी आईला कुणाच्याही घरी उतरवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

दोन दिवसांनी ऑफिसातून आले तर जिन्यातच भाजणीचा वास. आई गॅससमोर स्टूल घेऊन बसली होती, कढईत डाळ खरपूस भाजत.

"हे कशाला?"

"त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"तू हो म्हणालीस?"

"दोघा बापलेकांचे फोन आले गं. किती आग्रह करत होते. तुझं ते बुकिंग रद्द कर, तुला जमतं ते."

"नाही करणार."

"भांडण नको. एकच भाऊ आहे मला."

"भाऊ एकच आहे, गुडघेही दोनच आहेत."

ती डाळ परतत राहिली. मी बुकिंग रद्द केलं नाही.

रविवारी मामा पुन्हा आला, आणि आल्या आल्या त्याने मुलाला व्हिडिओ कॉल लावून फोन आईच्या हातात दिला.

"आत्या, झकास झालं बघ," मामेभाऊ म्हणाला. "मुलं वाट बघतायत. रोज थालीपीठ पाहिजे म्हणतात. तू घरी आरामात राहायचं, आम्ही दोघं सहापर्यंत येतोच."

"आणि ग्रीनिचला कधी जायचं?" आईने विचारलं.

"ते एकदम दुसऱ्या टोकाला गं. बोरिवलीला उतरायचं आणि मुलुंड बघायला निघायचं, तसं होईल. एखाद्या शनिवारी बघू, जमलं तर. आणि तिथे आहे काय? जमिनीत एक पट्टी आहे, बास."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग तिचा वर्गातला आवाज आला. तो मी फार वर्षांनी ऐकला.

"ती पट्टी मी जन्मभर फळ्यावर काढली, बाळा. जमलं तर नाही. मी तिच्यासाठीच येतेय. मी तिथेच राहणार. तुम्ही शनिवारी मुलांना घेऊन या, रेघेजवळ भेटू. थालीपीठं आणणार नाही."

"ताई, शोभतं का हे?" मामा म्हणाला.

"तू इथे येतोस, चहा घेतोस आणि निघतोस. राहा म्हटलं की म्हणतोस, आपल्या गादीशिवाय झोप लागत नाही. मी कधी लावून घेतलं?"

मामाने त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. भाजणी आम्ही दोघींनी खाऊन संपवली.

गेलो. पहिल्याच सकाळी फाटकातून आत शिरलो. आई काठी टेकत चालली, दोनदा बाकावर बसली, माझा हात तिने धरला नाही. रेघेपाशी लोक दोन्हीकडे पाय टाकून फोटो काढत होते. आईने तसं केलं नाही. दोन्ही पाय रेघेवरच जुळवून ती उभी राहिली, फळ्याशी राहायची तशी ताठ, आणि मागच्यांना बराच वेळ थांबावं लागलं. शनिवारी मामेभाऊ मुलांना घेऊन खरंच आला. तिने मुलांना काठीने रेघ दाखवली आणि पूर्व कुठली ते विचारलं. त्यांना सांगता आलं नाही, मुलं आपल्या बापाकडे बघू लागली. त्यालाही सांगता आलं नाही.

मामा अजून बोलत नाही. भाऊबीजेला ये, असा आईने त्याला निरोप धाडलाय. यायचं तर येईल. आला तर काय करायचं, ते तिने मला सांगून ठेवलंय. पहिला फोटो खोलीचा दाखवायचा, सकाळी तिने मुद्दाम न आवरलेल्या पलंगाचा. रेघ नंतर.