मोनाली बाण मारत नाही

राजूरच्या कोळशाची धूळ काउंटरवरून पुसता पुसता मोनाली ज्याच्याशी भांडायला लागते, त्याची काही खैर नसते. झेरॉक्सचं दुकान तिचं स्वतःचं, जीभ तिखट आणि डोकं त्याहून तिखट. पण मोबाईलवरच्या ‘रणकुंड’ या खेळात हीच बया कुणाला बोटसुद्धा लावत नाही. तिथं पाच-पाच जणांच्या टोळ्या एकमेकींवर तुटून पडतात. कुणी तिरंदाज, कुणी ढालकरी. मोनाली वैद्य. आपल्या माणसाला घाव बसला की मलम लावायचं आणि त्याला उभं ठेवायचं. या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

मुळात स्वभावच तसा. जयंतीला विहारात पंगत बसली की बुंदी वाढायला पोट्ट्यांची झोंबाझोंबी चालते, आणि पाण्याची बादली ही उचलते. पाणी वाढणारा सगळ्यांत शेवटी जेवतो. तो नसला की मात्र सगळ्यांना ठसका लागतो.

मग खेळ बनवणाऱ्यांनी घोळ घातला. नव्या अपडेटमध्ये वैद्याच्या मलमाची ताकद अर्ध्यावर आणली आणि तिरंदाजाचे बाण जहाल केले. गावोगावच्या वैद्यांनी भराभर धनुष्यं उचलली. टोळीचा कप्तान विक्की दुकानापुढच्या बाकावर पाय पसरून म्हणाला, “मोनाली, वैद्याचं आता काही काम नाही राह्यलं. वणीच्या स्पर्धेत तिरंदाज हो, नाही तं घरी बस.”

“काहून होऊ? मले जगवता येते, म्हणून मी वैद्य आहो.”

“बिनकामाची जागा अडवून राह्यली तू.”

हा शब्द तिला चांगलाच झोंबला. तिनं तिथंच पैज लावली. ती आणि ढालकरी सोनू एका बाजूला, विक्की आणि टोळीतले दोघे तिरंदाज दुसऱ्या बाजूला. वेळ संपेपर्यंत किल्ल्याचं दार राखायचं. दार पडलं, तर मोनाली मुकाट्यानं तिरंदाज होईल. सोनू मुकुटबनकडच्या तांड्यावरचा, बोलण्यात महाकंजूष. “ताई, तू मागं राह्य. मी हालत नाही,” एवढंच तो म्हणाला.

रविवारी दुपारी सगळे दुकानात मोबाईल घेऊन बसले. बाण सुटले, दार अडवून उभ्या सोनूची ढाल झडायला लागली. मलम आता अर्धंच. जुन्या सवयीनं घाव बघून लावत बसली असती, तर सोनू केव्हाच आडवा झाला असता. म्हणून ती घाव बसायच्या आधीच लावत होती. विक्की कधी धनुष्य ताणतो, कधी दम खातो, हे तिला पाठ होतं. इतके दिवस त्याला जिवंत ठेवलं होतं तिनंच.

आणि विक्कीची चूक म्हणाल तर ती अशी. वैद्य बिनकामाचा, हे त्यानं पोरांना इतकं घोटून पाजलं होतं की तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. ती सोनूच्या मागं चक्क उघड्यावर उभी होती. दोन-चार बाणांत तिचा निकाल लागला असता. पण बाण सगळे ढालीवरच.

सोनू काही पडेना. वेळ सरत आली. विक्कीला घाम फुटला. शेवटी तो ताडकन उठला आणि ओरडला, “अबे, सोनूले सोडा! आधी मोनालीले मारा!”

पोरांनी धनुष्यं वळवली. मोनालीचा वैद्य पडला. ते पुन्हा सोनूकडे वळेपर्यंत वेळ संपली, आणि दार उभंच होतं.

मोनालीनं मोबाईल काउंटरवर ठेवला.

“आधी मले काहून बे, विक्की? मी तं बिनकामाची ना?”

सोनू तोंड फिरवून हसत होता.

“वणीले मी वैद्य म्हणूनच येते,” ती म्हणाली. “आन् नको असन तं सांग. पण मंग तुले कोण जगवीन, ते बी सांग.”