खांद्यावरची थाप

बर्फाला वास नसतो, अशी माझी इथे येईपर्यंत समजूत होती. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या त्या लहानशा गावातल्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये शिरलं, की ओल्या रबराचा, घामेजल्या चामड्याचा आणि नुकत्याच गुळगुळीत केलेल्या बर्फाचा मिळून एक गारठलेला दर्प नाकात भरतो. अजूनही तो आला की फेब्रुवारीतला तो आठवडा आठवतो आणि मला स्वतःचीच लाज वाटते.

विद्यापीठातल्या संशोधनातून वेळ काढून मी तिथल्या संघाच्या सामन्यांचं चित्रीकरण करायचो. लोरेंत्स हे मुख्य प्रशिक्षक, सगळे त्यांना नुसतं 'ट्रेनर' म्हणत. तीस वर्षांत त्यांनी सहा गावांतले संघ घडवले, तीन ठिकाणांहून त्यांना काढलं गेलं, आणि दर वेळी तोच राखाडी कोट घालून ते नव्या संघाच्या बाकामागे उभे राहिले. या खेळात मिनिटभरात दमछाक होते, म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. पुढे कोणी उतरायचं हे ट्रेनर ओरडून सांगत नसत. मागून खांद्यावर दोनदा थाप मारत. त्या थापेसाठी भली थोराड माणसं जीव टाकायची.

त्या रविवारी, बरोबरीतल्या सामन्याच्या अखेरीस, थाप चुकली. बर्फावर एक खेळाडू जास्त उतरला, संघाला शिक्षा झाली, गोल बसला आणि वरच्या गटातली जागा गेली. उतरलेला याकोब पत्रकारांना म्हणाला, मीच घाई केली. त्याचा करार त्याच वर्षी संपत होता, घरी तान्हं मूल होतं. त्याच्या खांद्यावरचा ट्रेनरांचा हात फक्त माझ्या कॅमेऱ्याने पाहिला होता.

क्लबने चित्रफीत मागितली तेव्हा मी ते चार सेकंद कापले. वडीलधाऱ्यांची चूक पोटात घालायची असते, या संस्कारात मी वाढलो होतो, आणि त्या क्षणी मला स्वतःचं कौतुकही वाटलं. बुधवारी कळलं, याकोबचा करार पुढे वाढणार नाही. तरीही कापलेला तुकडा मी कोणाला दाखवला नाही.

गुरुवारी दुपारी ट्रेनर माझ्या खोलीत आले आणि त्यांनी ती फीत दोनदा पाहिली.

"आल्झो, तर मग," ते शांतपणे म्हणाले, "माझा हात कुठे गेला?"

मी मूळ फीत उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका पडद्यावर दाखवत आलो. माझी तेवढी लपवणारा तू कोण?"

तासाभरात सगळा संघ आणि क्लबचे पदाधिकारी अंधारलेल्या खोलीत बसले होते. मला पूर्ण फीत लावायला सांगून ट्रेनरांनी स्वतःचा हात पडद्यावर बोटाने दाखवला, याकोबची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि आपण पद सोडत असल्याचं सांगितलं. ते सेकंद कोणी कापले, याविषयी मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि माझ्या खांद्यावर दोनदा थाप पडली.

मी उठलो. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, याकोबचेही. मी भिंतीपर्यंत गेलो, दिवे लावले आणि परत जागेवर येऊन बसलो.

ट्रेनर आता कुठे असतात, मला ठाऊक नाही. त्यांची ती थाप चुकली नव्हती. पुढची पाळी माझी होती; उतरलो नाही तो मीच.