आधी शेजारणीला सांग

वर्गात एखाद्या पोरीचा हात वर गेला की बाई आपला तळहात तिच्यासमोर धरायच्या, रस्त्यात एसटीला हात दाखवावा तसा. म्हणायच्या, "मला उत्तर येतं. आधी शेजारणीला सांग." ज्याला प्रश्न कळला त्याने तो शेजारच्याला घरच्या बोलीत समजावायचा, मगच उत्तर द्यायचं, हा त्यांच्या वर्गाचा कायदा. दोंडाईच्याजवळच्या त्या शाळेत पाचवीचा वर्ग त्यामुळे कायम कुजबुजत असायचा. तपासणीला साहेब आले तरी.

मी तिथे गेलो तो टॅबलेट घेऊन. आमची कंपनी पिंप्राळ्यात दोन खोल्यांत चालते. प्रत्येक मुलाची गती ओळखून त्याला त्याच्याजोगा धडा देणारं ॲप आम्ही बनवतो, आणि कोणतं पोर कुठे अडलं हे ठरवणारा भाग माझा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. अमळनेरला शिकलो. हे मी चारचौघांत सांगतो, त्यात लाजायचं काय?

महिन्याभराने यादी घेऊन बाईंकडे गेलो. पुढे गेलेली नावं हिरवी, मागे पडलेली लाल. सगळ्यात खाली एक मुलगी होती. ॲपने तिला दुसरीच्या बेरजांवर नेऊन बसवलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हिला लाल कोणी केलं?"

"सिस्टीमने."

"सिस्टीम कोणी केली?"

"मी."

"मग मी केलं म्हण ना, भाऊ."

ती वर्गातली सगळ्यात हुशार पोर, बाईंनी सांगितलं. चार दिवसांपासून टॅबलेटला हात लावत नव्हती. आदल्या दिवशी बाईंना हळूच विचारून गेली होती, "बाई, मी परत दुसरीमा गयी का?"

मला ते लागलं, पण मी हटलो नाही. आकडे खोटं बोलत नाहीत वगैरे बरंच ऐकवलं. बाईंनी वाद घातला नाही. मला त्या मुलीच्या बाकावर नेऊन बसवलं. माझे गुडघे बाकात मावेनात, पोरं हसली.

मी तिची चाचणी पहिल्यापासून लावली. प्रश्न आला. अठ्ठेचाळीस रोपं, एका रांगेत सहा, तर रांगा किती? मुलीने वाचला, मान हलवली आणि स्क्रीनला बोट न लावता शेजारणीकडे वळली. बाकावर बोटाने कपाशीच्या सऱ्या ओढत ती तिला अहिराणीत समजावू लागली. एरवी तोंड न उघडणारी ती शेजारीण पुटपुटली, "आठ." दोघी खूश. तोवर मी ॲपमध्ये प्रत्येक प्रश्नाला लावलेलं घड्याळ संपलं होतं. प्रश्न गेला, त्याच्या जागी आणखी सोपा आला.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "सर, आमचं आठ कुठे गेलं?"

बाहेर ओट्यावर बाईंनी मला चहा दिला. घरी काय बोलतोस, विचारलं. अहिराणी, म्हटलं. "मग हे तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. शाळेत मीही प्रश्न आधी मनात आपल्या बोलीत फिरवून घ्यायचो, आणि तेवढ्यात दुसऱ्याचं उत्तर देऊन व्हायचं. तो वेळ तेव्हा माझ्या खात्यात 'येत नाही' म्हणून जायचा. आता मी तो त्या पोरीच्या नावावर तसाच टाकला होता.

घड्याळ काढायला आमच्या कंपनीचे साहेब तयार नव्हते. इतर शाळा काय म्हणतील, ही त्यांची काळजी. मी त्यांना त्या बाकावर बसून या म्हटलं. ते गेले नाहीत, पण घड्याळ निघालं. 'शेजारणीला सांगते' असं एक बटण आलं, आणि ती मुलगी पुन्हा पाचवीच्या धड्यावर.

प्रश्न अहिराणीतूनही ऐकू यावेत म्हणून मी बाईंचा आवाज रेकॉर्ड केला. प्रत्येक प्रश्नानंतर सगळ्यांना समजलं ना, हे त्या विचारायच्या, "बठ्ठासले समजनं का?" आणि गप्प बसायच्या. बराच वेळ. मी म्हटलं, ही रिकामी जागा कापून टाकतो. लगेच तळहात पुढे आला.

"राहू दे. पोरं बोलतील तेवढ्यात."

ती मुलगी आता दोंडाईच्याला हायस्कूलात जाते. बाई निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. मी अजून टॅबलेट घेऊन शाळांत जातो. तुम्हीही कधी आमच्याकडच्या एखाद्या वर्गात डोकावलात तर ऐकाल. बाईंचा आवाज विचारतो, बठ्ठासले समजनं का? मग त्या गप्प होतात. स्क्रीन हलत नाही. आणि पोरं एकमेकांकडे वळतात.