जहाज चुकलेला पिंजारी

सागराला मर्यादा घालणाऱ्या, भक्ताच्या लाजेवर आपला शेला पांघरणाऱ्या नारायणा! तुझे चरण वंदून अमडापूरच्या रहेमतुल्ला पिंजाऱ्याची कथा सांगतो. त्याने तुला दुसऱ्या नावाने हाक मारली. ती तुला पोचत नाही, असे कोण म्हणेल?

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. वीस वर्षे लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून रहेमतुल्लाने हजला जाण्याची ऐपत मिळवली. निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे तो दारोदार फिरला, "कहासुना माफ करा" म्हणाला. हिंदू-मुसलमान साऱ्या गावाने माफ केले आणि हारांनी मढवून त्याला खामगावच्या गाडीत बसवले.

मुंबईची गोदी पाहून तो थक्क झाला. समुद्र मागे सारून बांधलेल्या त्या दगडी भिंती! भरती आली की अवजड दरवाजे उघडत; वऱ्हाडचा कापूस विलायतेला निघे, यात्रेकरू अरबस्तानाला निघत. जहाजाच्या शिडीशी डॉक्टर एकेकाला तपासत होता. रहेमतुल्लाच्या छातीवर त्याला कांजण्यांचे फोड दिसले. "याला बाजूला घ्या." भरती ओसरण्याआधी जहाज बाहेर पडायला हवे होते. ते पडले. रहेमतुल्ला साथीच्या इस्पितळात पडला. बरा झाला तेव्हा हजला वेळेवर पोचवील असे एकही जहाज उरले नव्हते.

दोष त्याचा नव्हता. पण देवाने आपल्याला दारातून परतवले, असे त्याच्या मनाने घेतले. गावाला कोणते तोंड दाखवावे? घरी पत्रसुद्धा न टाकता तो गोदीत हमाल झाला. खामगावचा छाप असलेली कापसाची गाठ पाठीवर आली की मान खाली घाली. जणू ती गाठ त्याला ओळखणार होती!

तीन महिन्यांनी हाजींचे जहाज परतले. त्याच्यासोबत निघालेला बीबी गावचा फारुख धक्क्यावर भेटला.

"रडतं काऊन बे? हे मक्केचं जमजमचं पाणी घे, खजूर घे. संगंच जाऊ. कोणाले समजते?"

आणि रहेमतुल्लाने ते घेतले.

खामगावच्या फलाटावर अर्धे अमडापूर उभे होते. शेजारच्या पंजाबरावांनी हार घातला. "हाजीसाहेब, लय काळे पडले तुम्ही! तिकडं ऊन आपल्यापेक्षा जास्त हाय काय?" सारे हसले. मागे पत्नी अमीना डोळे पुसत होती. मशिदीत बांग देणारे वृद्ध फकीर मोहम्मद पुढे आले आणि हाजीचे हात चुंबण्यासाठी वाकले. रहेमतुल्लाने विंचू चावावा तसे हात मागे ओढले.

"चाचा, नोको! मी गेलोच नाही. कांजण्या निघाल्या, डॉक्टरनं शिडीवरून परत धाडलं. हे हात गोदीत गाठी उचलून राह्यले होते."

"अन् हे पाणी?" पंजाबरावांनी विचारले.

"फारुखचं."

फारुख दुसरीकडे पाहू लागला. गर्दीत कोणीतरी फिदीफिदी हसले. अमीना मात्र पुढे आली.

"आजारी पडले, त मले खत काऊन नाही धाडलं? मले काय हाजीची बायको म्हणून मिरवायचं होतं? कोणी मुंबईहून आलं, का मी पुसत जाये, जहाज बुडालं त नाही ना?"

तीन महिने तो साऱ्या गावाच्या नजरेला भ्यायला होता. वाट पाहणारी ही एक नजर त्याला आठवलीच नव्हती. फलाटावर, सर्वांसमोर, त्याने मान खाली घातली.

"चाल बे आता," पंजाबराव हळूच म्हणाले, "बैलं उभे हायेत."

नारायणा, खरे बोलून लाजलेल्या या माणसाला सांभाळ. अमीनेचा राग निवो, तिचे डोळे पुन्हा वाट पाहून न शिणोत. त्या घरात चूल पेटती राहो, आणि दोघांमध्ये लपवण्यासारखे काही न उरो.