व्हॅनमावशींचं लायसन

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर व्हॅनमावशी राहतात, आणि त्यांच्या बरोबर खाली मी. त्यांच्याकडे भांडं पडलं की मला कळतं आणि माझं शिवणयंत्र सुरू झालं की त्यांची जमीन थरथरते. शाळेच्या व्हॅनमधली पोरं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून पोरांचे आईबाप म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचा जावईसुद्धा घाईत कधी कधी मावशी म्हणून जातो आणि मग जीभ चावतो.

मावशींचे यजमान गेले तेव्हा लेक शाळेत होती. यजमानांची मालवाहू गाडी दारात उभी होती, आणि ती विकून टाका असं सांगायला सगळे नातेवाईक न बोलावता हजर झाले. मावशींनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला नाव घातलं. शिकवणारा म्हणे पहिले काही दिवस दाराची कडी घट्ट धरून बसायचा. पण त्या शिकल्या, माल वाहिला, गाडी म्हातारी झाल्यावर शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून लागल्या आणि त्यावर लेकीला शिकवून बँकेत चिकटवलं. लायसन हे त्यांच्या लेखी नुसतं कार्ड नव्हतं. बाकी सगळं त्यांना कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून मिळालं होतं, हे एकच त्यांनी स्वतः जाऊन, परीक्षा देऊन आणलं होतं.

व्हॅन चालवायची त्यांची एक पद्धत होती. निघण्याआधी त्या मागे वळून बघायच्या नाहीत, नुसतं "बोला" म्हणायच्या. मग प्रत्येक पोर आपल्या शेजारच्याचं नाव घ्यायचं. स्वतःचं नाही, शेजारच्याचं. त्यांचं म्हणणं, स्वतः हजर आहे हे कुणीही सांगतं, शेजारी कोण बसलंय याची काळजी घ्यायला शिकलं पाहिजे. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीतून एकही पोर मागे राहिलं नाही. मागून कुणी हॉर्न वाजवला तर मात्र खिडकीतून डोकं काढून त्याचा असा उद्धार करायच्या की पोरांचं शब्दज्ञान वाढायचं.

आता लेकीबद्दल. लेक हुशार, गोड बोलणारी, आणि मोबाइलवर दुनियेची कामं चुटकीसरशी करणारी. माझी विजेची तक्रार तिनंच केली होती, म्हणून मीही तिचं तोंड भरून कौतुक करत आले. ती, जावई आणि पाच महिन्यांचं बाळ, सगळे मावशींकडेच राहतात. लेकीची रजा संपणार होती ती नेमकी शाळा उघडायच्या सुमारास. बाळाचं काय, हा प्रश्न घरात नुसता फिरत होता. पाळणाघरात जागा नव्हती. मावशी म्हणायच्या, सकाळची फेरी करून येते, मधले तास मी बघते, बाकीचं तुम्ही दोघं जमवा. लेक मान डोलवायची. याच्या पलीकडे कुणी काही बोलायचं नाही, आणि मला वाटतं सगळं बिघडलं ते इथंच.

सुट्टी लागल्यावर लेकीनं आईचा गाडीवर घालायचा निळा कोट धुतला आणि इस्त्री केली. लायसन आतल्या खिशात होतं. धुण्यातून ते वाचलं, इस्त्रीखाली मात्र सापडलं. कार्ड वितळून वाकडं झालं आणि फोटोतल्या मावशींचं नाक कानाकडे निघालं. त्या ते घेऊन खाली मला दाखवायला आल्या आणि आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो. आता कुठे मी खरी दिसते, असं म्हणाल्या. लेकीला मात्र रडू आलं होतं. तिनं आईच्या गळ्यात पडून सांगितलं की दुसरं लायसन मी काढून देते, तू कशात लक्ष घालू नकोस.

घाई तशी होतीच. शाळा उघडायच्या आधी तिथले वाहतूक बघणारे सर प्रत्येक ड्रायव्हरचं कार्ड स्वतःच्या हातात घेऊन बघतात. कार्ड नाही तर गाडी नाही. आणि व्हॅनच्या मालकाकडे एक नवा ड्रायव्हर कधीपासून चपला झिजवत होता. मावशींचं लायसन वेळेत आलं नाही तर व्हॅन त्याला जाणार, हे त्यांना, मला आणि घरातल्या सगळ्यांना स्वच्छ माहीत होतं.

लेकीनं अर्ज भरला. काही दिवसांनी म्हणाली, परत आला, फोटो नीट नाही म्हणतात. मावशी स्टुडिओत जाऊन, केसांना तेल लावून, नवा फोटो काढून आल्या. पुन्हा अर्ज गेला. पुन्हा लेक म्हणाली, परत आला, तुझी सही जुन्या सहीशी जुळत नाही.

हे ऐकून मावशी माझ्याकडे आल्या. मी कापड बेतत होते. त्यांनी माझा खडू उचलला, एक चिंधी पुढे ओढली आणि सही गिरवायला बसल्या. एक झाली की मला दाखवायच्या, ही बघ, ही जुन्यासारखी वाटते का? मी म्हणायची, मावशी, सही तुमचीच आहे, ती चुकेल कशी? त्या म्हणाल्या, हात थकला असेल गं, आपल्याला कळत नाही. सगळी दुपार ती बाई स्वतःचंच नाव लिहायला शिकत होती. पुढे जे कळलं त्यातलं दुसरं सगळं मी एखाद्या दिवशी विसरेन, पण ही दुपार आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शाळा उघडायला थोडे दिवस उरले तरी लायसनचा पत्ता नव्हता. लेक म्हणायची, सरकारी काम आहे, धीर धर, कचेरीच्या खिडकीवर जाऊन काही होत नाही, उगाच हेलपाटा. मावशींनी धीर धरून पाहिला. मग एका सकाळी लेक कामावर रुजू व्हायचं विचारायला बँकेत गेली, बाळ जावयाकडे होतं, तेव्हा त्या कोट चढवून माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, चल जरा सोबतीला, मला त्या खिडक्यांची भीती वाटते. गर्दीतून व्हॅन काढणारी बाई, पण खिडकीची भीती.

त्या कचेरीत काचेला बोलायचं भोक इतकं खाली ठेवलंय की प्रत्येकाला वाकूनच बोलावं लागतं. आमचा नंबर लागला. आत सर्दी झालेली एक बाई होती, नाक पुसत काम करत होती, पण बोलायला बरी. मावशींनी वाकून तिला सगळं सांगितलं, फोटोचं, सहीचं, आणि खडूनं गिरवलेल्या सहीचंसुद्धा. बाईनं संगणकात पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"तुमचा अर्ज आम्ही परत पाठवलेलाच नाही," ती म्हणाली. "तुम्हीच मागे घेतलाय. दोन्ही वेळा."

मावशी म्हणाल्या, मी कशाला मागे घेईन? बाईनं समजावून सांगितलं की अर्ज मागे घ्यायचा तर मोबाइलवर एक आकडा येतो, तो घातल्याशिवाय होत नाही. म्हणजे ज्याच्याकडे तो मोबाइल, त्यानंच हे केलं. सही आणि फोटोबद्दल काही तक्रारच नव्हती. मग तिनं मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे वाचून दाखवले. मावशींना एकच नंबर पाठ आहे, लेकीचा. तो हाच.

मी मावशींकडे पाहिलं. वाटलं, आता ही बाई इथंच बसकण मारणार. पण त्या अजून वाकलेल्याच होत्या, आणि चक्क हसल्या.

"माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल," त्या म्हणाल्या. "मला हे मोबाइलचं नीट कळत नाही."

खिडकीतली अनोळखी बाई, तिला लेकीचं नावसुद्धा माहीत नव्हतं, तरी मावशींनी तिच्यासमोर लेकीवर पांघरूण घातलं. आई झाली म्हणून काय झालं, असं मला ओरडावंसं वाटलं. पण त्यांच्यासमोर माझी जीभ रेटेना. बाईनं विचारलं, नवा अर्ज इथंच करून देऊ का, मोबाइल नंबर कुणाचा घालू? मावशी कंबर धरून सरळ झाल्या. मग माझ्याकडे बोट केलं.

"हिचा घाला. शेजारीण आहे माझी."

परतीच्या वाटेवर त्या माझ्या पुढे पुढे चालत होत्या. जिन्यात माझं कोपर धरलं ते सोडलंच नाही, म्हणून मी माझं दार ओलांडून वर गेले. खरं सांगायचं तर मला जायचंही होतं. एखाद्यानं केसानं गळा कापला की त्याचं तोंड बघायची इच्छा होते, गळा दुसऱ्याचा असला तरी.

लेक बँकेतून आली होती, बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आमच्याकडे बघून हसली. मावशी खुर्चीत बसल्या, कोटही काढला नाही.

"सही जुळत नव्हती ना माझी?" त्यांनी विचारलं.

"हो ना. असंच लिहून आलं होतं."

मला कळलं, मावशींनी तिला एक संधी दिली होती. ती तिनं घालवली.

"मी जाऊन आले खिडकीवर."

लेकीच्या हातातलं झबलं हातातच राहिलं. आधी म्हणाली, त्यांच्या संगणकात गोंधळ असतो. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गोंधळ सोडून दिला. रडत रडत सगळं सांगितलं. शाळा उघडेपर्यंतच अडकवून ठेवायचं होतं. व्हॅन दुसऱ्याला गेली की आई आपोआप घरी राहिली असती, बाळाकडे कुणी परकं लागलं नसतं. तू किती वर्षं राबणार, असंही म्हणाली. मी तुझाच विचार केला, असंही म्हणाली, आणि तेव्हा जावयानं मान खाली घातली. म्हणजे त्यालाही माहीत होतं. घरात ज्यांना काही माहीत नव्हतं असे दोघेच, मावशी आणि ते पाळण्यातलं बाळ.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि इस्त्री?"

"नाही गं आई. ते खरंच चुकून झालं. शपथ."

"असेल. पण आता मला कसं कळणार?"

लेकीनं हातातलं झबलं पुन्हा घडी घालायला घेतलं. मी खाली आले आणि यंत्र सुरू केलं, पण एक शिवण सरळ पडेना. वरून आवाज येत नव्हता. भांडलेही नाहीत ते. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

शाळा उघडली तेव्हा लायसन आलेलं नव्हतं. मावशींनी सरांना जाऊन सगळं सांगितलं, म्हणजे लेकीचं सोडून सगळं. सरांनी हळहळ व्यक्त केली आणि नियम दाखवला. व्हॅन त्या नव्या ड्रायव्हरला गेली. पहिल्या दिवशी ती आमच्या फाटकापाशी थांबली, तळमजल्यावरची दोन पोरं चढली, आणि आत कुणीही कुणाचं नाव न घेता निघून गेली. मावशी गॅलरीत बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. लेक बँकेत जात होती, बाळ त्यांच्याकडेच होतं. लेकीला हवं होतं ते सगळं झालं होतं. मावशी बाळाला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, त्याच्याशी अखंड बोलायच्या. लेक घरी आली की मात्र विचारलं तेवढंच बोलायच्या, आणि तेही पाहुण्यांशी बोलावं तसं नीट. लेकीनं केलेल्या चहाला आभार मानायच्या. लेक एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, आईनं मला शिव्या घातल्या तरी चालेल हो. मी म्हटलं, मावशी शिव्या रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्यांना घालतात. माझ्यानं तिला गोड बोलवेना.

मग माझ्या मोबाइलवर निरोप आला आणि पाठोपाठ लायसन. पाकीट घेऊन मी वर गेले. सुट्टीचा दिवस होता, सगळे घरात होते. मावशींनी कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. नाक जागच्या जागी होतं. सही त्यांचीच होती. मग त्यांनी सांगितलं की मालकांशी बोलणं झालंय, गावाबाहेरच्या शाळेची एक व्हॅन आहे, लांबची आहे, उजाडायच्या आत निघावं लागतं आणि संध्याकाळीच परत. कुणी घ्यायला तयार नाही, मी घेते म्हटलं. उद्यापासून.

लेक उठून आईपुढे जमिनीवर बसली. बाळ तिच्या मांडीवर होतं.

"आई, नको ना जाऊस. बाळासाठी घरी राहशील का? मी विचारतेय तुला. आत्ता, सरळ विचारतेय."

मावशींनी बाळाचं झबलं खाली ओढून नीट केलं.

"हे आधी विचारलं असतंस तर राहिले असते," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. गाडी म्हणजे त्यांचा जीव, पण लेक त्याहून वर होती, आणि तोंड उघडून मागितलं असतं तर त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली असती. लेकीला हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आता कळलं. दुसऱ्या दिवशी अंधारातच मावशींची पावलं माझ्या डोक्यावरून दाराकडे गेली, आणि त्यांच्यामागून वर बाळ रडायला लागलं.