सोताले कोन समजता?

१० नोव्हेंबर. खळं सारवायचं होतं. शेतातल्या बांधीत धान पिकून वाकलं होतं, वर आभाळ भरून येत होतं, आणि मी शेणाच्या पाटीपाशी उकिडवी बसून प्रश्नावली पाठ करत होते.

मुलगी नोकरीला लागली तेव्हा मी नागपूरच्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. विषय भारत अध्ययन, म्हणजे भारताची संस्कृती आणि ओळख. शनिवार-रविवार वर्ग. नवऱ्याने एवढंच विचारलं, "आता भारत कुठं हरपला होता?" मी त्याच्या डब्यात भाजी भरली आणि पवनीहून नागपूरची बस पकडली.

हा अभ्यास एका विषयाचा नाही, सगळ्या विषयांचा मिळून आहे. म्हणजे एका प्रश्नावर तीन प्राध्यापक बसतात. गावात जाऊन लोकांना त्यांची ओळख विचारायची होती. मी लिहिलं होतं, "आपण आपली ओळख कशी सांगाल?" इतिहासाच्या सरांना ते गुळमुळीत वाटलं. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, लोक काय सांगतात ते नको, स्वतःला काय समजतात ते हवं. मग भाषाशास्त्राच्या सरांनी बोट वर केलं. प्रश्न लोकांच्या बोलीतच विचारायचा, पुस्तकी भाषेत खरं उत्तर येत नाही. तिघांच्या संमतीने प्रश्न तयार झाला तो असा: "तुमी सोताले कोन समजता?"

वर्गात तो सगळ्यांना फार आवडला. मलाही.

पहिल्या मुलाखती बऱ्या गेल्या. निवृत्त गुरुजी प्रश्न ऐकताच उभे राहिले आणि "मी भारतीय" म्हणून बसले. किराणावाल्याला प्रश्न नीट ऐकूच गेला नव्हता. आधी मी विषय सांगितला त्यातला ओळख एवढा शब्द कानावर पडताच त्याने आधार कार्ड काढून दिलं आणि पैसे कधी जमा होतील ते विचारलं.

राहिली माझी मोठी जाऊ. आमच्याकडे धान कापायला बायांचा जो घोळका निघतो तो तिच्या हाकेवर निघतो. ती ज्याचं धान आधी म्हणेल त्याचं आधी. त्याच सकाळी तिने आमची पाळी मागे ढकलून दुसऱ्याची पुढे घेतली होती. मी त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. हात धुतले, तिच्या अंगणात गेले, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि भाषाशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं तसं डोळ्याला डोळा भिडवून विचारलं,

"बाई, तुमी सोताले कोन समजता?"

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"का म्हनली वं?"

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं.

"मी सोताले कोन समजते? मी या घरची मोठी सून समजते! तू आली तवा तुले इळा धरता येत नोयता, कोनं शिकवलं? सासूच्या शिव्या कोनं खाल्ल्या, तू का मी? पाळी मांगं गेली तं सरळ बोलाचं होतं, लहाने! हे असं आंगनात येऊन, डोये वटारून?"

"बाई, अभ्यासातला सवाल आहे तो."

"अभ्यासात भांडन शिकवून राहिले का आता? तुह्या बांधीत उद्याही कोनी येत नाही आन परवाही नाही. जाय!"

शेजारणी कुंपणापर्यंत आल्या होत्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "काहून वं, तुले दुसरा दिवस नाही भेटला?"

घरी आले. नवरा आभाळाकडे बघत होता. "तुह्या भारतात आपली बांधी येते का?" म्हणाला. एक सर पडली असती तर ते धान लोळलं असतं आणि दाणा चिखलात गेला असता. बाया दुसऱ्या गावाहून आणायच्या तर सगळ्यांचीच कापणी चालू, कोण येणार?

तेवढ्यात लक्षात आलं, फोन अजून चालूच होता. मी सगळं पहिल्यापासून ऐकलं. घराण्याचा इतिहास होता, नातेसंबंध होते, कापणीच्या पाळीचा हिशेब होता, बोली तर अस्सल होती. तिन्ही प्राध्यापकांनी फेटे उडवले असते. पण संमतीशिवाय कुणाचा आवाज वापरायचा नाही असा नियम, आणि संमती मागायची तर त्याच अंगणात जायचं. जावं तर लागणारच होतं. धानासाठी.

दिवेलागणीला गेले. तो प्रश्न कोणी आणि कसा ठरवला ते सगळं सांगितलं. तिने रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं.

"आवाज चांगला आला," म्हणाली. "आयकव तुह्या साहेबांले. सासूचं तेवढं काढून टाक, बिचारी आता हयात नाही." मग माझ्याकडे वळली. "आन तू वं? तू सोताले कोन समजते?"

एवढ्या पुस्तकांनंतर मला एकच सुचलं. "मी विद्यार्थिनी आहे, बाई. भारत अध्ययनाची."

"मंग उद्या तुहं धान भारत अध्ययनच कापल."

मी हसले. ती हसली नाही.

"बाया आनते मी. पन तू शेताच्या धुऱ्यावर कागद घेऊन उभी नाही राहाचं. ओळीत लागाचं, माह्या बाजूनं. आन मांगं राह्यली तं सगळ्यांसमोर बोलन."

"बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घरी ठेवला, साडीचा काष्टा मारला आणि बाया यायच्या आधीच बांधीत उतरून कापायला लागले. तरी मागे राहिलेच. ती बोललीही.